परड्यातला निळा दिवा आणि डास: फुलेवाडीतल्या सहा महिन्यांच्या नोंदी

घर कोल्हापुरात फुलेवाडीत, रंकाळा तळ्याच्या पश्चिमेला. मागं बारा बाय वीस फुटांचं परडं आहे. त्यात धुण्याचा दगड, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, केळीचे दोन खुंट, कढीपत्ता, पाण्याचं निळं बॅरल आणि कोपऱ्यात सेप्टिक टँक. माझं उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगचं काम, त्यामुळं विजेची वस्तू उघडायला मी बिचकत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी धाकटीला डेंग्यू झाला. प्लेटलेट २८ हजारांवर आल्या. पाच दिवस आम्ही दोघं आळीपाळीनं तिच्या उशाशी बसलो. ती घरी आली त्या दिवशी ठरवलं, या वर्षी डासांचा बंदोबस्त करायचा आणि काय केलं ते लिहून ठेवायचं. त्यासाठी मी डास मारायचा विजेचा निळा दिवा आणला आणि आमच्या गल्लीतल्या तिघांनीही तोच घ्यायचं मनात आणलं होतं. या नोंदी मुख्यतः त्यांच्यासाठी आहेत.

१६ फेब्रुवारी

दिवा आणला. दोन निळ्या ट्यूब, भोवती किडा चिकटला की मारणारी विजेच्या तारांची जाळी, खाली ट्रे. किंमत १,९५० रुपये. खोक्यावर डासाचं चित्र आणि "अर्ध्या एकरापर्यंत संरक्षण" असं लिहिलेलं.

माझा यावर विश्वास बसायचं कारण म्हणजे मामा. कागल तालुक्यात त्यांचा ऊस आहे आणि हुमणीच्या (उसाची मुळं खाणाऱ्या अळीच्या) भुंगेऱ्यांसाठी ते दर वर्षी शेतात प्रकाश सापळा लावतात. सकाळी घमेलं भुंगेऱ्यांनी भरलेलं मी लहानपणापासून बघतोय. भुंगेरा येतो तर डासही येणार, असं धरून चाललो.

मागच्या पत्र्याच्या छपराला, आम्ही संध्याकाळी बसतो त्या कट्ट्यावर सहा फूट उंचीला टांगला. रात्री दहापर्यंत सारखा चटचट आवाज. आई म्हणाली, "मरालेत बघ, चांगलं झालं." मलाही बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी

ट्रे पांढऱ्या कागदावर ओतला. तारेचा गेज बघायचं भिंग घेऊन बसलो. सकाळचा दीड तास त्यात गेला, दुकान उशिरा उघडलं, पण या सहा महिन्यांत एवढं मोलाचं दुसरं काही झालं नाही. ज्यांच्याकडं असा दिवा आहे त्यांनी एकदा तरी हे करावं.

एकूण ३८६ किडे. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर निम्म्याहून जास्त डासच. भिंगाखाली धरल्यावर कळलं की त्यातल्या बहुतेकांना सोंडच नाही. अंगकाठी डासाची, पाय तसेच लांब, पण तोंडापुढं सुई नाही. हे तळ्याकाठी वाढणारे, न चावणारे चिलटासारखे किडे. संध्याकाळी रंकाळ्यावर डोक्यावर त्यांचा जो खांब धरल्यासारखा घोळका फिरतो, तेच हे. आमच्या घरापासून तळं जवळ, त्यामुळं ट्रे त्यांनी भरला होता.

खरे डास सात. त्यातले चार नर. नर ओळखणं सोपं आहे: डोक्यावरच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार असतात. मादीच्या मिशा साध्या, विरळ केसांच्या. चावते ती फक्त मादी. म्हणजे ३८६ मधले आम्हाला चावू शकले असते असे तीन.

बाकी पतंग, छोटे भुंगे, दोन हिरव्या जाळीदार पंखांचे किडे. या शेवटच्यांची पिल्लं मावा खाऊन जगतात. ते मेलेले बघून वाईट वाटलं.

१८ ते २७ फेब्रुवारी

एका रात्रीवरून निकाल द्यायचा नाही म्हणून पद्धत ठरवली. ट्रेमधले मेलेले मोजून उपयोग नाही, आपल्याला चावायला आलेले मोजायचे. संध्याकाळी सात ते सात-वीस, कट्ट्यावर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसायचं आणि पायावर बसलेला प्रत्येक डास मारून वहीत रेघ ओढायची. एक दिवस दिवा चालू, एक दिवस बंद.

ही माझी चूक होती. घरात डेंग्यू येऊन गेलेला असताना उघडे पाय पुढं करून बसायला नको होतं. बायको त्यावरून चिडली आणि तिचं बरोबर होतं. मार्चपासून मी पांढरे जाड मोजे गुडघ्यापर्यंत चढवून, त्यावर बसलेले डास मोजायला लागलो. पांढऱ्यावर ते नीट दिसतात आणि सुई आत जात नाही. तुम्ही पहिल्यापासून असंच करा.

दोन दिवस वाया गेले. एका संध्याकाळी धूर फवारणीची गाडी आली, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आकडे एकदम पडले. तिसऱ्या दिवशी पुन्हा होते तेवढे. ते दोन दिवस धरले नाहीत.

दिवा चालू असताना: १३, १६, ११, १५.
दिवा बंद असताना: १४, १२, १७, १०.

फरक नाही. चालू असलेल्या चार रात्रींत ट्रेमध्ये १,५४० किडे मेले आणि त्यात डासाच्या माद्या १४. त्याच चार दिवसांत फक्त माझ्या दोन पायांवर, वीस-वीस मिनिटांत ५५ बसले. मी दिव्यापेक्षा चौपट ओढत होतो, तेही ऐंशी मिनिटांत.

३ मार्च

दिवा हलवला. डोक्यावर टांगणं चुकीचंच होतं, सगळ्या गल्लीतली पाखरं आपल्याच ताटावर येत होती. लांब, कंपाउंडच्या कोपऱ्यात, कढीपत्त्याच्या पलीकडं लावला. घराच्या मागचा बल्ब बंद ठेवला. वायर आणि बाहेरचा प्लग बॉक्स मिळून २८० रुपये. तीन रात्री मोजलं. किडे वाढले, डास तेवढेच. कट्ट्यावर येणारेही तेवढेच.

मग जरा वाचलं. अमेरिकेत डेलावेअर राज्यात १९९४ च्या उन्हाळ्यात सहा घरांच्या अंगणांत असेच दिवे लावून त्यात मेलेले किडे मोजले होते. एकूण १३,७८९. त्यात चावणारे ३१. शंभरात पाव सुद्धा नाही. ६,६७० पाण्यात वाढणारे निरुपद्रवी किडे, म्हणजे आमच्या रंकाळ्याच्या चिलटांचे भाऊबंदच, आणि १,८६८ दुसऱ्या किडींना खाणारे किंवा त्यांच्यावर वाढणारे मित्रकीटक. माझ्या कागदावर जे दिसलं तेच तिथं तीस वर्षांपूर्वी दिसलं होतं.

कारण एका वाक्यात मावतं: मादी डास उजेडाच्या नाही, श्वासाच्या मागं येते. आपण सोडतो तो कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब तिला पुरते. निळी ट्यूब यातलं काहीच सोडत नाही.

१० मार्च

दिवा बंद. पण श्वासाच्या मागं येते तर श्वासच करून दाखवावा, हे डोक्यात बसलं. गुळाच्या पाण्यात यीस्ट टाकलं की कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि गुळाला कोल्हापुरात काय तोटा. आंबवलेल्या साखरेवर डास ओढण्याचे प्रयोग संशोधकांनीही केलेले आहेत.

रचना अशी: चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा टांगलेला. आत जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, हवा वरून खाली खेचणारा. पंख्याखाली जाळीची पिशवी बांधलेली. बाजूला गुळाची बाटली आणि तिच्या झाकणातून निघालेली सलाइनची नळी पाइपच्या तोंडापाशी. पंखा भंगारातून ८० रुपये, पाइप माझ्याकडं होता, अडॅप्टर १५० रुपये, यीस्टचं पाकीट ४० रुपये, पाव किलो गूळ घरातला.

११ ते २० मार्च

पहिल्या दिवशी बुडबुडाच आला नाही. पाणी फार गरम घेतलं होतं, यीस्ट मेलं. बोट बुडवलं की कोमट लागेल, एवढंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी उलटं झालं. दोन लिटरच्या बाटलीत दीड लिटर पाणी भरलं होतं. रात्रीत फेस चढला, नळीतून वर गेला आणि पंख्यावर पडला. सकाळी पंखा चिकट आणि मुंग्यांनी काळा. पेट्रोलनं धुतला, अर्धा दिवस गेला. नंतर पाच लिटरचा तेलाचा कॅन घेतला, निम्माच भरला आणि नळीच्या मध्ये एक रिकामी छोटी बाटली घातली, म्हणजे फेस आला तर तिथंच पडेल.

चौथ्या रात्री पहिल्यांदा नीट चालला. पिशवीत २३ डास, त्यातल्या १९ माद्या. निळ्या दिव्याला चार रात्रींत जे जमलं नाही ते एका रात्रीत झालं. फार आनंद झाला, थोरल्याला झोपेतून उठवून दाखवलं.

पाचव्या रात्री वीज गेली. पंखा थांबला आणि पिशवीतले सगळे वर उडून गेले. जुनी स्कूटरची बॅटरी जोडली. सहाव्या रात्री मुंग्या दोरीवरून उतरून डास खाऊन गेल्या, नुसते पंख शिल्लक. दोरीला ग्रीस लावलं.

आठव्या, नवव्या, दहाव्या रात्री: २१, २६, १८. सापळा चांगला होता. पण त्याच तीन संध्याकाळी माझ्या मोज्यांवर बसलेले डास: १३, १२, १४.

हे बघून मात्र बसकण मारली. रोज वीसेक डास पकडूनही कट्ट्यावर एक कमी होत नव्हता. दुकानात नळ चालू ठेवून टाकीतलं पाणी मगानं उपसत बसावं तसं चाललं होतं. नळ शोधायला हवा होता आणि तो मी सव्वा महिना शोधलाच नव्हता.

२३ मार्च

नळ आईनं शोधला.

दिवस मावळत होता. आई कढीपत्ता तोडायला कोपऱ्यात गेली होती. तिथूनच हाक मारली, "अरं, ह्या पायपातनं धूर निघालाय काय रं?" सेप्टिक टँकचा उभा व्हेंट पाइप आठ-नऊ फूट उंच आहे. मावळतीचा उजेड मागून येत होता आणि पाइपच्या तोंडातून खरंच काहीतरी बारीक, करडं, हलत वर चाललं होतं. शिडी लावून टॉर्च मारला. डास. एकामागून एक, न थांबता, पाइपच्या काठावर क्षणभर बसून उडत होते. टॉर्च आत धरला तर पाइपची आतली भिंत दिसत नव्हती, इतके चिकटून बसले होते. पंधरा-वीस मिनिटांत ओघ कमी झाला आणि अंधार पडल्यावर जवळजवळ थांबला.

आम्ही रोज बरोबर त्याच वेळी कट्ट्यावर चहा घेऊन बसायचो.

२४ मार्च

खात्री करायला संध्याकाळी सहाला पाइपच्या तोंडावर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधली, एका रात्रीपुरती. सकाळी पिशवीच्या आतून काळा थर होता. साबणाच्या पाण्यात बुडवून कागदावर पसरले आणि शंभर-शंभरचे गट केले. ३४० पर्यंत मोजले, उरलेले एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. सगळे तपकिरी, पायांवर पट्टे नसलेले, म्हणजे क्युलेक्स जातीचे डास. घाण पाण्यात वाढतात, रात्री चावतात. डेंग्यूचे हे नव्हेत, पण हत्तीरोग यांच्यामुळंच पसरतो.

पिशवी कायमची ठेवायची नाही. टाकीतला वायू बाहेर जायला तोच रस्ता आहे.

२६ मार्च

जाळी बांधली. पहिली जाळी म्हणून आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून सुतळीनं आवळला, फुकटात. हे चुकलं. १७ एप्रिलला पाहिलं तर कापड ओल धरून काळं पडलं होतं, वारा जात नव्हता, संडासात वास यायला लागला होता आणि सुतळी कुजली होती. दुसऱ्या गल्लीतल्या एका घरी लोखंडी जाळी लावलेली बघितली, ती गंजून हाताला भुगा येत होता. शेवटी खिडकीला लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी, दोन पदरी, आणि आवळायला रिवाइंडिंगची एनॅमलची तांब्याची तार. ती आजही जशीच्या तशी आहे. एका पाइपला जाळी आणि तार मिळून २५ रुपयेसुद्धा लागत नाहीत.

जाळीनंतर दुसऱ्या संध्याकाळी टाकीपाशी टॉर्च घेऊन उभा राहिलो. डास आता झाकणाच्या फरशीच्या फटीतून निघत होते. वरची वाट बंद केली की ते दुसरी शोधतात, हे लक्षात ठेवा. फटी सिमेंटनं लिंपल्या, ६० रुपये. बाथरूमच्या मोरीला जाळीचं झाकण बसवलं, ९० रुपये.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. यासाठी टाकीचं झाकण उघडायचं नाही, आत वाकून बघायचं नाही. त्या वायूनं माणूस दोन श्वासांत पडतो आणि वाचवायला उतरलेलाही पडतो. सगळं काम बाहेरून होतं.

६ एप्रिल

मोज्यांवर ९.

जाळी लावल्या लावल्या आकडा पडला नाही तर निराश होऊ नका. बाहेर उडालेल्या माद्या दोन-तीन आठवडे जगतात. मी चौथ्या दिवशी जाळी काढून बघायच्या बेतात होतो, बायकोनं थांबवलं.

१४ एप्रिल

५. पुढचा आठवडा ५, ६, ५. इथंच अडकलं.

१९ एप्रिल ते ५ मे

अडकलं, कारण गल्लीत बारा घरं आणि बारा पाइप. सुट्टीच्या दिवशी वहीतले आकडे आणि २४ मार्चच्या पिशवीचा मोबाइलवरचा फोटो घेऊन घरोघरी गेलो. बोलण्यापेक्षा त्या फोटोनं जास्त काम केलं. पलीकडच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे आमच्या पण पायपात असतील?" त्यांच्या पाइपवर त्याच संध्याकाळी टॉर्च मारून दाखवला. होते.

अकरापैकी आठ घरांनी होकार दिला. पाच मीटर जाळी आणली, ३५० रुपये, प्रत्येकानं आपल्या वाट्याचे दिले. शिडी माझी. थोरला आणि त्याचे दोन मित्र मदतीला. आठ पाइपांना तीन संध्याकाळ लागल्या. एका घराचा पाइप गच्चीच्या वर होता, तिथं पोरांना चढू दिलं नाही, मीच गेलो. दोन घरं भाड्याची, मालक बाहेरगावी. एकानं नको म्हणून सांगितलं, त्यांना पुन्हा विचारणार आहे.

५ मे रोजी मोज्यांवर २.

मधल्या काळात एक सोपी गोष्ट सापडली ती इथंच लिहितो. कट्ट्यावर टेबलफॅन खाली, पायांच्या दिशेनं लावला तर उरलेलेही बसू शकत नाहीत. डास अंगानं हलका, उडायला मंद. पंख्याच्या वाऱ्यात त्याला उतरताच येत नाही, आणि आपल्या श्वासाचा माग पण उधळून जातो. घरात पंखा होता, खर्च शून्य. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१५ मे

संध्याकाळी चारला वळीव झाला, गारा नाहीत पण पाऊण तास चांगला. मी दुकानात अडकलो होतो. अंधार पडल्यावर आईनं सवयीनं कोपऱ्यातला निळा दिवा लावला. पहिल्या पावसानंतर वाळवीची पंखवाली पाखरं उठतात, ती सगळी दिव्यावर आली. घरी पोचलो तेव्हा जाळीच्या तारांमध्ये पाखरं गच्च अडकून सलग ठिणगी चालू होती आणि जळका वास. मेन स्विच बंद केला.

उघडून बघितलं. एका बाजूचं प्लॅस्टिक वितळलं होतं, आतली एक वायर करपली होती. खाली वाळलेली केळीची पानं होती, तिथं ठिणगी पडली असती तर काय झालं असतं हा विचार रात्रभर गेला नाही. ज्यांच्याकडं हे दिवे आहेत त्यांनी वळवाच्या आणि मृगाच्या संध्याकाळी ते लावू नयेत, आणि खाली पालापाचोळा तर कधीच ठेवू नये.

२१ मे

मामांचा फोन: "पाऊस झालाय, भुंगेरे उठालेत, सापळ्याची ट्यूब गेलीया. तुझ्याकडं हाय न्हवं एक?"

दिव्याच्या ट्यूब आणि चोक शाबूत होते. उच्च दाबाची जाळी आणि तिचं सर्किट पूर्ण काढून टाकलं, फक्त निळ्या ट्यूब ठेवल्या. कागलला घेऊन गेलो. बांधावर कडुनिंबाच्या झाडाजवळ तिकाटणं उभं करून टांगला, खाली मोठ्या घमेल्यात पाणी आणि त्यात थोडं रॉकेल. भुंगेरे उजेडाकडं झेपावतात, ट्यूबला धडकतात आणि खाली पडतात. मामा साडेसातला लावतात आणि साडेनऊला बंद करतात. भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जायची वेळ तेवढीच. रात्रभर ठेवला तर कामाचे किडे उगाच मरतात.

पहिल्या रात्री १४० च्या वर भुंगेरे. निवडून काढले तेव्हा बाकीचे किडे ओंजळभर. एकेक मादी जमिनीत अंडी घालणार, त्यातून निघणारी हुमणी उसाची मुळं खाणार, त्यामुळं अंडी घालायच्या आधी पकडलेला प्रत्येक भुंगेरा मोलाचा. मामांना इतकी वर्षं जे फळ मिळत होतं ते खरंच होतं. चुकलं होतं ते माझं गणित, भुंगेरा म्हणजे डास नव्हे.

दिवा तिथंच ठेवून आलो.

१२ जून

दुपारी तीनला धाकटी अभ्यास करताना पाय खाजवायला लागली. टेबलाखाली बघितलं: छोटा काळा डास, पायांवर पांढरे पट्टे. एडिस. डेंग्यूचा हाच. पोटात गोळा आला.

हा दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. म्हणजे रात्री लावायच्या दिव्यानं याचं काय होणार होतं? दिवा घेतला होता डेंग्यूच्या भीतीनं, आणि डेंग्यूचा डास त्या दिव्याच्या वेळेला बाहेरच नसतो. माझ्या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक ही, की डास कुठला ते आधी बघितलंच नाही.

याचं पाणी वेगळं. साठलेलं, स्वच्छ, थोडंसं पुरतं. व्हेंट पाइपच्या जाळीचा याला काही उपयोग नाही.

१३ जूनपासून पुढं

घर शोधलं. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये वळवळ करणाऱ्या अळ्या. तो ट्रे असतो हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. दोन कुंड्यांखालच्या ताटल्या. छपरावर पडलेला जुना टायर. नारळाची एक करवंटी. बॅरलमध्ये भरपूर.

बॅरल ओतून रिकामं केलं, उन्हात ठेवलं, पुन्हा भरलं. पाचव्या दिवशी पुन्हा अळ्या. चूक अशी की आतली भिंत घासली नव्हती. एडिस पाण्याच्या काठाला लागून भिंतीवर अंडी चिकटवते, ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. आता काथ्या आणि राखेनं पाण्याच्या रेघेपर्यंत खरवडून घासतो. पाणी एक दिवसाआड येत असल्यामुळं साठवणं टळत नाही, म्हणून बॅरलवर सुती कापड ताणून रबरानं बांधलं. आठवड्यातून एक दिवस कोरडा, आमच्याकडं गुरुवार. हे काम आता धाकटीनं स्वतःकडं घेतलंय.

सिमेंटच्या टाकीत गप्पी मासे सोडले. पहिले दहा दुसऱ्या दिवशी मेले, नळाचं ताजं क्लोरिनचं पाणी सोसलं नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवून मग दुसरे आठ सोडले, ते जगले आणि वाढले.

मोजायला नवी युक्ती लागली, कारण एडिस संध्याकाळी मोज्यावर फारसा येत नाही. काळ्या रंगानं रंगवलेला प्लॅस्टिकचा ग्लास, अर्धा पाणी, आत जाड कापडाची पट्टी उभी. तिच्यावर अंडी मोहरीहून बारीक काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. दर गुरुवारी पट्टी भिंगाखाली मोजायची, मग उकळत्या पाण्यात बुडवायची. एक आठवडासुद्धा विसरायचं नाही, नाहीतर ग्लासच कारखाना होईल.

पहिला गुरुवार ६१ अंडी. मग ४४, १९, ७.

२५ जुलै

चार दिवस नोंद नाही. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, दुकानातल्या मोटारी माळ्यावर चढवण्यात वेळ गेला. घरी पाणी आलं नाही. कोरडा गुरुवार धाकटीनं माझ्याशिवाय केला.

९ ऑगस्ट

ग्लासमध्ये ४ अंडी. मोज्यांवर १. पावसात पाइपमधूनच कमी निघतात की जाळीचा गुण, हे फेब्रुवारीत पुन्हा मोजल्यावर कळेल.

खर्चाचा हिशोब: दिवा, वायर आणि प्लग बॉक्स २,२३० रुपये, उपयोग डासांवर शून्य. पंख्याचा सापळा २७० रुपये, डास पकडतो पण निगराणी फार, सध्या माळ्यावर. जाळी, तार, सिमेंट, मोरीचं झाकण मिळून माझ्या घरापुरते २०० रुपयांच्या आत, आणि संध्याकाळच्या डासांत पावसाआधी पडलेला फरक अशा जाळ्यांनीच.

नको म्हणालेल्या घरातल्या वहिनी काल स्वतः आल्या होत्या, जाळी उरली आहे का विचारायला. दीड मीटर आहे. पाऊस उघडला की शिडी घेऊन जायचंय. त्यांचा पाइप चार नाही, सहा इंची आहे, तेव्हा तुकडा मोठा कापायचा.